पोथी, वस्ताद आणि कोरियन पवित्रा

पुस्तक वाचून पोहता येत नाही, हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजतेने उच्चारले जाते की ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. 'पुस्तकी' हे विशेषणच मुळी मराठीत हिणवण्यासाठी राखून ठेवलेले आहे. शरीराने शिकायच्या विद्या गुरूसमोर, तालमीच्या मातीत शिकाव्यात आणि पोथी पंडितांसाठी सोडून द्यावी, अशी एक सोयीची वाटणी आपण मनोमन केलेली असते. या वाटणीत तुच्छता दोन्ही बाजूंनी आहे. पंडिताला मल्ल अडाणी वाटतो आणि मल्लाला पंडित नेभळट. परंतु शरीरविद्यांचा इतिहास बारकाईने पाहू लागले, की जवळजवळ प्रत्येक वळणावर कोणीतरी पोथी उघडून बसलेला दिसतो आणि त्याच्या शेजारी ती पोथी अंगावर उतरवून पाहणारा दुसरा कोणीतरी उभा असतो. कोरियात घडलेल्या तायक्वांदो या विद्येचा इतिहास या दृष्टीने विशेष बोलका आहे. त्या इतिहासाच्या आणि आपल्याकडच्या काही समांतर उदाहरणांच्या आधारे आम्ही येथे एक जुना प्रश्न पुन्हा मांडू इच्छितो: वर्गात शिकत असताना पुस्तकाचे नेमके काम काय?

हा प्रश्न आम्हांस फुलंब्रीत पडला, हे नोंदवणे आवश्यक आहे. छत्रपती संभाजीनगरहून (पूर्वीचे औरंगाबाद) सिल्लोड-अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. जिल्ह्याच्या शहरात क्रीडासंकुले आहेत, प्रशिक्षक आहेत. तालुक्याच्या गावी शिक्षक आठवड्यातल्या ठरावीक वारी येतो आणि बाकीचे दिवस मुलांनी आपले आपण निभावायचे असतात. शाळेच्या पटांगणावर 'हाना, दुल, सेत, नेत' ही कोरियन मोजणी मराठवाडी हेलात ऐकू येते. 'चारयोत' म्हटले की रांग सावधान होते, 'जुनबी' म्हटले की मुठी आवळल्या जातात. शिक्षक नसलेल्या दिवशी याच रांगेतल्या एखाद्या मुलीच्या हाती कुठल्याशा इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स असते. छायाचित्रे पाहून, बाणांच्या खुणा वाचून ती मागल्या आठवड्यात शिकवलेली चाल पुन्हा जुळवू पाहते. शालेय क्रीडास्पर्धांत तायक्वांदोचा समावेश आहे. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. तेव्हा ही जुळवाजुळव केवळ हौसेची नाही. चुकीची चाल अंगवळणी पडली तर पट्ट्याच्या परीक्षेत अपयश येते, आणि गुडघा दुखावला तर खेळच संपतो.

कोरियात हाच प्रसंग सोळाव्या शतकाच्या अखेरीस एका संपूर्ण राज्यावर आला होता. १५९२ मध्ये जपानी सैन्याने कोरियावर स्वारी केली. जोसोन राज्याचे सैनिक धनुर्विद्येत तरबेज होते. हातघाईच्या लढाईत मात्र जपानी तलवारीपुढे त्यांचा टिकाव लागेना. छी जिग्वांग या चिनी सेनापतीने १५६० च्या सुमारास लिहिलेला 'जीश्याओ शिनशू' हा लष्करी ग्रंथ या युद्धकाळात कोरियन दरबाराच्या हाती आला. ग्रंथ मिळाला, पण तो उमगेना. हान ग्यो या अधिकाऱ्याकडे त्याचा अर्थ लावण्याचे काम सोपवले गेले, आणि अडलेल्या जागा समजून घेण्यासाठी त्याला मदतीस आलेल्या मिंग सैन्याच्या छावणीत जाऊन विचारपूस करावी लागली. या खटाटोपातून १५९८ मध्ये 'मुये जेबो' हे सहा शस्त्रविद्यांचे सचित्र पुस्तक सिद्ध झाले. ग्रंथ परभाषेतला, शिक्षक परका आणि चार दिवसांचा पाहुणा, गरज मात्र तातडीची: फुलंब्रीतल्या मुलीच्या अडचणीहून ही अडचण आकाराने मोठी असली तरी जातीने वेगळी नव्हती. हान ग्योने केलेली गोष्टही साधीच होती. त्याने पुस्तकातले प्रश्न माणसांकडे नेले आणि माणसांची उत्तरे पुस्तकात आणली.

जवळजवळ दोनशे वर्षांनी, १७९० मध्ये, चोंगजो राजाच्या आज्ञेवरून 'मुये दोबो थोंगजी' हा ग्रंथ तयार झाला. आधीच्या पुस्तकांतल्या विद्या त्यात समाविष्ट करून जमिनीवरच्या अठरा आणि घोड्यावरच्या सहा अशा एकूण २४ विद्या मांडलेल्या आहेत. त्यांत हातापायांनी लढण्याच्या 'क्वोनबोप'चे एक प्रकरण आहे. या ग्रंथाचे संपादक तिघे. ई दोक-मू आणि पाक जे-गा हे राजग्रंथालयात काम करणारे विद्वान, आणि बेक दोंग-सू हा प्रत्यक्ष शस्त्र चालवणारा लष्करी माणूस. ई दोक-मूचे वाचनाचे वेड एवढे, की त्याने स्वतःलाच 'पुस्तकवेडा' म्हणून घेतले होते. विद्वानांनी जुने ग्रंथ ताडून पाहावेत आणि बेकने लष्करातल्या जाणकारांसह प्रत्येक कृती करून पाहावी, अशी ही विभागणी. त्यात आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. हे तिघेही दुय्यम पत्नींच्या वंशातले, म्हणजे त्या समाजात जन्मानेच डावलले गेलेले आणि उच्च अधिकारपदांना पारखे झालेले. ज्यांना प्रतिष्ठेच्या दारातून आत घेतले जात नव्हते, त्यांच्या हातून राज्याची युद्धविद्या लिहिली गेली.

या ग्रंथाची बांधणी साहित्याच्या अभ्यासकांनी अवश्य पाहावी अशी आहे. प्रत्येक विद्येची माहिती आधी गद्यात येते. मग एकेका कृतीचे चित्र आणि त्याखाली तिचे वर्णन येते. अखेरीस सगळ्या कृतींचा क्रम दाखवणारा तक्ता आणि त्याच क्रमाचे एक एकत्रित चित्र येते, ज्यात आखलेल्या वाटेवरून माणसे एकामागून एक पुढे सरकताना दिसतात. स्थिर पानावर काळ कसा दाखवायचा, हा प्रश्न संपादकांना नीट उमगलेला होता. दुसरे असे, की मूळ ग्रंथ अभिजात चिनी भाषेत आहे, कारण विद्वानांची भाषा तीच होती; परंतु सोबत एक स्वतंत्र खंड कोरियन लिपीत आणि कोरियन भाषेत दिलेला आहे. अशा खंडाला 'ओन्हे' म्हणतात. ज्याला शस्त्र चालवायचे आहे त्याला ते वाचताही आले पाहिजे, एवढाच त्यामागचा हिशेब. संस्कृतातला अर्थ मराठीत आणणाऱ्यांच्या प्रदेशात या खंडाचे मोल वेगळे सांगण्याची गरज नसावी. २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत या ग्रंथाचा समावेश झाला.

आता विसाव्या शतकाकडे वळू. १९४५ मध्ये सोल येथे 'मू दुक क्वान' ही शिक्षणशाळा स्थापन करणारे ह्वांग की (१९१४–२००२) हे आधुनिक कोरियन युद्धविद्येच्या संस्थापकांपैकी एक. त्यांच्याच निवेदनानुसार, जपानी अमलाच्या काळात रेल्वेत नोकरी करत असताना, १९३९ च्या सुमारास, रेल्वेच्या ग्रंथालयात ओकिनावाच्या कराटेवरील पुस्तके त्यांच्या हाती पडली आणि त्यांवरून त्यांनी त्या विद्येचा अभ्यास केला. त्याआधी मांचुरियात एका चिनी शिक्षकाकडे ते शिकले होते. म्हणजे शरीर घडलेले होते, पुस्तक त्याला नवी दिशा देत होते. १९४९ मध्ये त्यांनी स्वतःचे पाठ्यपुस्तक लिहिले. पुढे १९५७ मध्ये सोलच्या राष्ट्रीय ग्रंथालयात त्यांना 'मुये दोबो थोंगजी'ची प्रत सापडली आणि तिच्या आधारे आपल्या विद्येला जुन्या कोरियन परंपरेशी जोडण्याचा त्यांनी प्रयत्न केला. एका हयातीत दोन ग्रंथालये: पहिल्याने त्यांना शेजाऱ्याची विद्या दिली, दुसऱ्याने स्वतःचा भूतकाळ दिला. 'ग्रंथालयात युद्धविद्या शिकता येत नाही' असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण अडचणीचे ठरावे.

शब्दांचा प्रवासही येथे पाहण्यासारखा आहे. 'कराटे' हा शब्द पूर्वी ज्या दोन चिनी अक्षरांत लिहिला जाई, त्यांचा अर्थ 'थांग देशाचा, म्हणजे चीनचा, हात' असा होता. तीच अक्षरे कोरियन उच्चारात 'तांगसू' अशी वाचली जातात. जपानात १९३० च्या दशकात पहिले अक्षर बदलून 'रिकामा हात' असा अर्थ रूढ झाला. कोरियातल्या अनेक शाळांनी जुने 'तांगसू' नाव चालू ठेवले. जपानी 'हेइआन' नावाच्या चालींना कोरियात 'प्योंगआन' म्हणत. अक्षरे एकच, वाचणारी जीभ वेगळी. ११ एप्रिल १९५५ रोजी सेनापती छोई होंग-ही (१९१८–२००२) यांनी सुचवलेले 'तायक्वांदो' हे नाव स्वीकारले गेले: 'तै' म्हणजे पायाचा आघात, 'क्वोन' म्हणजे मूठ, 'दो' म्हणजे मार्ग. छोई हे स्वतः सुलेखनाचे जाणकार होते. नाव आधी कागदावर उमटले आणि मग वेगवेगळ्या शाळा त्या नावाखाली हळूहळू आल्या, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

छोईंनी नाव देऊन थांबणे पसंत केले नाही. १९५९ मध्ये त्यांचे कोरियन पाठ्यपुस्तक आले, १९६५ मध्ये इंग्रजी पुस्तक आले आणि १९८३ मध्ये १५ खंडांचा तायक्वांदो ज्ञानकोश प्रसिद्ध झाला. त्यांच्या पद्धतीत जमिनीवर एक आकृती आखलेली कल्पून दिशांना अक्षरांची नावे दिलेली असतात आणि प्रत्येक पाऊल कोणत्या अक्षराकडे टाकायचे ते सांगितलेले असते. जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातल्या विद्यार्थ्याने ते वाक्य वाचावे आणि तेच पाऊल टाकावे, अशी त्यामागची महत्त्वाकांक्षा. परंतु येथेच राजकारण आडवे आले. छोईंनी १९६६ मध्ये स्थापन केलेला आंतरराष्ट्रीय महासंघ १९७२ मध्ये त्यांच्यासह कॅनडात गेला. दक्षिण कोरियात त्याच वर्षी कुक्कीवोन ही मध्यवर्ती संस्था उभी राहिली आणि १९७३ मध्ये जागतिक महासंघ स्थापन झाला. ऑलिंपिकमध्ये २००० सालापासून पदकांसाठी खेळला जाणारा तायक्वांदो या दुसऱ्या घराण्याचा. एका नावाची दोन घराणी झाली आणि दोहोंची पाठ्यपुस्तके वेगळी झाली. पहिल्या घराण्यात २४ चाली आहेत. दुसऱ्यात नवशिक्यांसाठी 'तेगुक' नावाच्या आठ चाली आहेत. उभे राहण्याच्या पवित्र्यांची लांबी वेगळी, अंगाचा हेलकावा वेगळा, काही संज्ञाही वेगळ्या.

फुलंब्रीसारख्या ठिकाणी या फाळणीचे फळ अगदी साध्या रूपात हाती येते. भारतात ही विद्या १९७० च्या दशकाच्या मध्यास जिमी जगतियानी यांच्या प्रयत्नांनी रुजू लागली. शालेय स्पर्धांमुळे वर्गात शिकवली जाते ती बहुधा ऑलिंपिकच्या घराण्याची पद्धत. आणि जुन्या बाजारातून किंवा कोणाच्या संग्रहातून हाती लागणारे पुस्तक अनेकदा दुसऱ्या घराण्याचे असते. विद्यार्थी पुस्तकात पाहून पाऊल लांब टाकतो, शिक्षक ते आखूड करायला सांगतो. विद्यार्थ्याला वाटते, शिक्षक चुकतो आहे. शिक्षकाला वाटते, पुस्तक वाचून पोर बिघडले. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि दोघांमधला तंटा १९७२ साली, दोघांनीही न पाहिलेल्या देशात सुरू झालेला असतो. पुस्तक कोणत्या परंपरेचे, कोणत्या आवृत्तीचे, कोणासाठी लिहिलेले, हे प्रश्न साहित्याच्या वर्गात आपण नेहमी विचारतो. मैदानावरही ते विचारले तर पुष्कळ भांडणे मिटतील, असे आम्हांस वाटते.

कोरियाची ही कथा आपल्याला अनोळखी वाटण्याचे कारण नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' रचला. त्यातील मल्लविनोदात मल्लांची वर्गवारी, त्यांचा आहार आणि सराव यांचे वर्णन आहे. त्याहून जवळचे उदाहरण देवगिरीचे. यादव राजा सिंघण याच्या दरबारात जमाखर्चाचा अधिकारी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्याचा सातवा अध्याय नर्तनाचा आहे. हाताची, पायाची, कमरेची, नजरेची स्थिती शब्दांत बांधण्याचा तो प्रयत्न आहे आणि उड्या घेऊन करायच्या देशी करणांचाही त्यात समावेश आहे. ज्या पटांगणावर आज मुले कोरियन नावाच्या उड्या मारतात, तेथून फार दूर नसलेल्या किल्ल्याच्या सावलीत एका हिशेबनिसाने आठशे वर्षांपूर्वी उडीचे व्याकरण लिहून ठेवले होते. शरीर शब्दांत मावत नाही, हे त्यालाही ठाऊक असणार; तरीही त्याने ते लिहिले, कारण न लिहिलेले हरवते.

हरवते म्हणजे काय, याचे उदाहरणही आपल्याकडेच आहे. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे (१७९४–१८८१) यांची तालीम होती. तेथे जोतीराव फुले दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले, हे सर्वश्रुत आहे. मातंग समाजात जन्मलेल्या वस्तादाच्या तालमीत घडलेला विद्यार्थी पुढे महाराष्ट्राच्या विचारविश्वाला वळण देतो, ही घटना आपण अभिमानाने सांगतो. परंतु लहुजींची कीर्ती आपल्यापर्यंत आली ती शिष्यांच्या आणि समाजाच्या आठवणींतून. त्यांचा हात कसा फिरे, पवित्रा कसा बदले, नवशिक्याला ते आधी काय शिकवत, हे सांगणारी त्यांच्या तालमीची पोथी आपल्या हाती नाही. ज्यांना अक्षरापासून दूर ठेवले गेले त्यांच्या विद्येची ही गत होते: माणूस स्मरणात राहतो आणि विद्या त्याच्याबरोबर मातीत जाते. बेक दोंग-सूच्या शेजारी ई दोक-मू बसला होता; लहुजींच्या शेजारी असे कोणी बसवले गेले नाही.

विसाव्या शतकात मराठी माणसाने ही उणीव भरून काढण्याचा मोठा प्रयत्न केला, आणि तोही आज बराचसा विसरला गेला आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तरुणपणी युजेन सँडो या युरोपातील प्रसिद्ध व्यायामपटूची पुस्तके आणि साधने मागवून सुमारे दहा वर्षे त्याप्रमाणे व्यायाम केला. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले, त्यांवर स्वतः पुस्तके लिहिली आणि संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले. पुस्तकातून शिकलेला माणूस पुस्तक लिहिता झाला, हा ह्वांग की यांच्यासारखाच प्रवास. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने (स्थापना १९१४) देशी खेळांना वर्ग आणि अभ्यासक्रम दिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकाने तेथे प्रात्यक्षिके केली. बडोद्यात दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात 'व्यायामज्ञानकोश' दहा खंडांत मराठीत संपादित केला. कुस्ती, मल्लखांब, लाठी, देशी-विदेशी व्यायाम यांची सचित्र मांडणी करणारा हा कोश. छोईंच्या १५ खंडांआधी तीन दशकांहून अधिक काळ मराठीत शरीरविद्येचा दहा खंडांचा कोश पुरा झालेला होता, हे आपल्या विद्यार्थ्यांना आपण सांगत नाही.

आता पुस्तकाच्या मर्यादांकडे प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. 'दोल्यो चागी' म्हणजे वळवून मारायची लाथ. पुस्तक तीन चित्रे दाखवते: गुडघा उचललेला, पाय वळलेला, आघात झालेला. खरी विद्या पहिल्या आणि दुसऱ्या चित्राच्या मधल्या मोकळ्या जागेत असते. ज्या पायावर उभे राहायचे त्याची टाच त्या क्षणी वळली नाही, तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो. पुस्तकात 'टाच वळवावी' असे लिहिलेले असते. पण केव्हा, किती, आणि ती वळली नाही हे कळायचे कसे? छायाचित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असल्यामुळे डाव्याउजव्याची गल्लतही होतेच. समोरच्या माणसाचे अंतर, त्याचा धक्का, त्याची चाहूल या गोष्टी पानावर येऊ शकत नाहीत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुस्तक आपल्याकडे पाहत नाही. आपण पुस्तक वाचतो. शिक्षक आपल्याला वाचतो.

महानुभावांच्या वाङ्मयात याला एक सुंदर समांतर सापडते. चक्रधरांची वचने सूत्रपाठात एकत्र केली गेली. पण सूत्र सुटे झाले की ते कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून उच्चारले गेले, हे कळेनासे होते. म्हणून त्या परंपरेला 'प्रकरणवश' सांगणारा ग्रंथ लागला. पाठ्यपुस्तकातली लाथ ही अशीच सुटे झालेले सूत्र आहे. तिचे प्रकरण वर्गात सापडते: समोर जोडीदार उभा राहिला की ती लाथ कशासाठी होती, हे कळते. उलट, सूत्र मुळीच न लिहिता केवळ प्रसंग सांगत राहिले तर प्रत्येक पिढीत विद्या थोडी थोडी सरकते. वर्ग आणि पुस्तक यांचे नाते आम्हांस असे दिसते. एकाने विद्या जिवंत ठेवायची, दुसऱ्याने ती सरकू द्यायची नाही.

पुस्तकाचा आणखी एक भाग साहित्याच्या विद्यार्थ्यांनी विशेष सावधपणे वाचावा: पहिले प्रकरण, म्हणजे इतिहास. तायक्वांदोच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत ही विद्या दोन हजार वर्षांची असल्याचे लिहिलेले असते आणि पुरावा म्हणून कोगुर्यो राज्याच्या थडग्यांतील भित्तिचित्रे दाखवलेली असतात. पट्ट्याच्या परीक्षेसाठी मुले हे पाठ करतात. स्टीव्हन केपनर, उडो मोएनिग यांच्यासारख्या अभ्यासकांनी मात्र दाखवून दिले आहे, की आधुनिक तायक्वांदोची घडण मुख्यतः १९४० च्या दशकातल्या शाळांत, जपानात कराटे शिकून आलेल्या शिक्षकांच्या हाताखाली झाली. लाथांच्या खेळाचे आजचे वेगळेपण त्यानंतर कोरियात घडत गेले. परकीय सत्तेतून नुकत्याच सुटलेल्या देशाला सत्ताधाऱ्यांच्या विद्येचे ऋण मान्य करणे जड गेले, हे समजण्याजोगे आहे. अजिंठ्याच्या वाटेवर राहणाऱ्या आपल्याला तरी हे कळावे, की भिंतीवरचे चित्र एखाद्या क्षणाची साक्ष देते. त्यावरून अखंड गुरुपरंपरा सिद्ध होत नाही.

येथे आपण स्वतःलाही सूट देऊ नये. बोधिधर्म नावाच्या भारतीय भिक्षूने ही विद्या शाओलिनला नेली आणि तेथून ती पूर्वेकडे पसरली, म्हणजे सर्व युद्धविद्या मुळात आपलीच, असे आपल्याकडच्या वर्गांत हमखास सांगितले जाते. मेइर शाहार यांनी २००८ च्या आपल्या शाओलिनविषयक ग्रंथात या कथेचा माग काढला आहे. बोधिधर्माचा व्यायामाशी जोडलेला संबंध १६२४ च्या एका चिनी पुस्तकाच्या प्रस्तावनेपर्यंत मागे जातो; म्हणजे बोधिधर्मानंतर सुमारे अकराशे वर्षांनी. आपल्या मल्लपुराणातही कृष्णाने ही विद्या दिल्याची कथा आहेच. प्रत्येक शरीरविद्येला एक पुराण लागते आणि ते तिच्या पुस्तकाच्या आरंभी येते. पुराण म्हणून ते वाचण्यात काही वावगे नाही. इतिहासाच्या परीक्षेत त्याचे गुण मिळू लागले, की मग चिंता करावी.

हे सगळे साहित्याच्या शिक्षकांना का सांगावे? कारण आपल्या वर्गांतही पुस्तक आणि शिक्षक यांचा हाच पेच आहे. आपला विद्यार्थी मूळ कादंबरी न वाचता 'गाईड' वाचतो. गाईड हे तीन चित्रांचे पुस्तक आहे: मधल्या मोकळ्या जागा त्यात नाहीत, आणि म्हणून पीळ कुठे बसतो हे त्याला कळत नाही. दुसऱ्या टोकाला, शिक्षकाने सांगितले तेवढेच खरे मानणारा विद्यार्थी आहे. त्याच्या हाती मूळ संहिता नसल्याने तो प्रश्न विचारू शकत नाही. तालुक्याच्या गावी शिक्षक स्वतःच अर्धवट साखळीतला एक दुवा असतो. त्याला जेवढे मिळाले तेवढे तो देतो. अशा ठिकाणी पुस्तक ही चैन राहत नाही. विद्यार्थ्याला 'सर, येथे असे का लिहिले आहे?' असे विचारण्याचा अधिकार तेवढ्यानेच मिळतो. एकलव्याची कथा आपण गुरुभक्तीची म्हणून शिकवतो. त्याच्याजवळ गुरूचा पुतळा होता, पोथी नव्हती. पुतळ्याला प्रश्न विचारता येत नाहीत, आणि पुतळ्याच्या मालकाने अंगठा मागितला तेव्हा दाखवायला दुसरा आधारही नव्हता.

राहता राहिला भाषेचा प्रश्न. मराठीला आखाड्याने किती दिले आहे, हे आपण विसरतो. डावपेच, पवित्रा, शड्डू ठोकणे, चीतपट करणे, धोबीपछाड, वस्ताद: तालमीतले शब्द राजकारणात, टीकालेखनात, घरच्या बोलण्यात आले आणि तेथेच रमले. तायक्वांदोचे शब्द मात्र पटांगणाच्या कुंपणाबाहेर पडत नाहीत. 'आरे माक्की' म्हणजे खालचा वार अडवणे, हे मुलीला माहीत असते; पण आईला ते मराठीत समजावून सांगायला तिच्याजवळ वाक्य नसते. कोरियन संज्ञा जगभर सारख्याच असाव्यात, हे योग्यच आहे. त्या बदलण्याचा आग्रह आम्ही धरत नाही. मात्र संज्ञेनंतर येणारे वर्णन, म्हणजे वजन कुठे ठेवायचे, श्वास केव्हा सोडायचा, टाच केव्हा वळवायची, हे मराठीत असायला हवे. त्यासाठी लागणारी भाषा कोऱ्या पाटीवरून घडवावी लागणार नाही. 'व्यायामज्ञानकोशा'च्या दहा खंडांत ती मोठ्या प्रमाणात तयार पडून आहे.

१७९० सालच्या संपादकांनी विद्वानांच्या भाषेतल्या ग्रंथाला सैनिकांच्या भाषेतला एक खंड जोडला होता. फुलंब्रीतल्या मुलीच्या हातातल्या झेरॉक्स प्रतीला तो खंड अजून जोडायचा आहे. हे काम एकट्या प्रशिक्षकाचे नाही, कारण त्याला शब्दांची सवय नसते. एकट्या मराठीच्या प्राध्यापकाचेही नाही, कारण त्याला टाच वळवता येत नाही. दोघांनी एका पटांगणावर काही संध्याकाळी एकत्र काढाव्या लागतील. एकाने करून दाखवावे, दुसऱ्याने लिहावे, आणि लिहिलेले वाचून एखाद्या तिसऱ्या मुलाला ती लाथ मारता येते का, हे दोघांनी मिळून पाहावे. वाक्य बरोबर उतरले की नाही, याची इतकी रोखठोक परीक्षा आपल्या लेखनाला सहसा द्यावी लागत नाही.